थोरल्याची भिंत, धाकट्याचं माळवद

“पाडायलेत म्हणं.”

काकूंच्या वाक्यात कर्ता शेवटी येतो, कधीकधी तर दुसऱ्या दिवशी. मी कपडे वाळत घालता घालता भिंतीजवळ सरकले. आमच्या दोन घरांमधलं कंपाउंड बांधणाऱ्याने बरोबर कोपर टेकेल एवढंच उंच ठेवलंय, त्यामुळे बीड शहराची निम्मी बातमी इथूनच जाते-येते.

“काय पाडायलेत, काकू?”

“कापडवाल्यांचं दुकान. कारंजाकडलं. पुण्याचा नातू आला होता, संग एक बिल्डर. टेप लावून मोजलं म्हणं पार मागच्या परसापर्यंत.”

“मोजलं म्हणजे पाडलं असं नाही.”

“तेच तर! मोजून गेलेले लई बघितले मी. मोजणारे गेले, दुकान हाय तिथंच हाय.”

काकूंचं सासरघर त्या दुकानाच्या बरोबर समोर होतं. २३ जुलै १९८९ ला बिंदुसरेला पूर आला, नदीकाठच्या वस्त्याच्या वस्त्या धुऊन गेल्या, आणि ज्यांना जमलं त्यांनी नगर रोडकडे, बार्शी रोडकडे उंचावर प्लॉट घेतले. काकूही तेव्हाच इकडे आल्या. म्हणजे सामान आलं. कान तिकडच्या सज्ज्यातच राहिले. बशीरगंजात कुणाची बोलणी फिसकटली, धोंडीपुऱ्यात कुणाच्या घरी फ्रीज आला, बलभीम चौकात कुणाच्या दुकानाचा बोर्ड उतरला, हे त्यांना आमच्या पेपरच्या आधी कळतं.

मी आंबाजोगाईची. बीडला नोकरीपायी आले, शाळेत इतिहास शिकवते, म्हणून काकू मला ‘मॅडम’ म्हणतात. आणि इतिहासाची म्हणून मला काही येत नाही असंही त्यांचं मत आहे. त्यात थोडं तथ्य आहे. शाळेची सहल मी दरवर्षी कंकालेश्वराला नेते, खजाना विहिरीवर नेते. सोळाव्या शतकात सलाबतखानाने विहीर बांधून बलगुजरची जमीन भिजवली, हे मुलांकडून पाठ करून घेते. पण कारंजा ते राजुरी वेस हा रस्ता मुलं रोज सायकलवरून कापतात, तिथली शंभर वर्षांची दुकानं मान वर करून कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते. काकूंनी बघायला लावलं.

त्या दुकानाचं तोंड आणि पाठ यांचा मेळ नाही. पुढून पाहिलं तर दोन मजली, दगडी जोत्यावर विटांच्या कमानी, वर बिडाच्या कठड्याचा सज्जा, आत लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी टाकून केलेलं छत. दोन पावलं आत गेलं की ढाळज लागते आणि पाठीमागे जुना वाडा उभा राहतो: सागवानी खांब, तुळया, त्यांवर किलचनं, त्यांवर पांढऱ्या मातीचं माळवद, भिंतीत धान्याचं बळद. पुढून मुंबई, मागून मोगलाई. बाजारातली त्या काळची बरीच दुकानं अशीच आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातात पैसा आला तेव्हा लोकांनी घर पाडलं नाही, घराला नवं तोंड लावलं. दुकान बंद करायला शटर नव्हतं, फळ्या होत्या. प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला. पहाटे गडी एकेक काढून ओळीने लावायचा, रात्री त्याच क्रमाने बसवायचा. कापडवाल्यांची सातवी फळी पुरात गेली, तिथे आता पत्रा आहे.

“आणि त्या नातवानं काय केलं, ऐका तर,” काकू म्हणाल्या. “दारावरच्या दगडात आकडा कोरलाय ना, १३३४. तो बिल्डरला म्हणला, सातशे वर्षांची वास्तू हाय आमची. बिल्डर भ्यालाच! म्हणला, मग पुरातत्त्ववाले येतेत, लफडं होतंय. पांढरा पडला म्हणं.”

मला हसू आवरेना. “अहो काकू, ते इसवी सन नाही. फसली साल आहे. निजामाच्या राज्यात सारा, हिशेब, कचेरी सगळं फसलीत चालायचं. त्यात ५९० मिळवायचे. १९२४ झालं. हिजरी धरलं तर आणखी आठ-नऊ वर्षं मागे, १९१५ कडे. पण दुकानदाराने दगडात साल घातलं ते वहीतलंच घातलं असणार.”

काकूंनी क्षणभर आकडेमोड केली असावी, कारण बोट ओठावर गेलं.

“मॅडम, हे तुम्ही त्याला सांगू नका.”

“का?”

“बिल्डर भ्यालेला बरा हाय.”

इतिहासाचा असा उपयोग मी वर्गात कधी शिकवला नव्हता.

काकूंच्या सासऱ्यांनी त्यांना सांगितलेलं असं, की ते गर्डर जालन्याहून बैलगाड्यांवर आले. यात न पटण्यासारखं काही नाही. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गाडी १९०० च्या सुमारास जालन्यावरून धावू लागली. बीडला मात्र रूळ नव्हते. म्हणजे स्टेशनात उतरलेलं लोखंड अंबडवरून आणायचं, शहागडला गोदावरी उतरायची, ती पण पाणी ओसरल्यावर, मग गेवराई, मग बीड. गर्डरवर कारखान्याचं नाव उठावाच्या इंग्रजी अक्षरांत आहे. भाडेकरूने दर दिवाळीला चुना मारून मारून ते बुजवलंय, बोट फिरवलं तरच लागतं.

“रूळ आले असते तर आमचं बीड लातूर झालं असतं,” हे काकूंचं पेटंट वाक्य. एकदा ते आलं की अर्धा तास जातो. पण चूक नाही त्यांचं. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली, आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं असलेलं ते गाव बघता बघता पेठ झालं. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने गंजगोलाई आखली: मधे गोल इमारत, तिच्याभोवती सोळा रस्ते, एकेका रस्त्यावर एकेक धंदा. १९१७ चं बांधकाम सांगतात. कागदावर आखून मग उभा केलेला बाजार. आमच्याकडे परळीलासुद्धा निजामाच्या काळातच गाडी आली. जिल्ह्याच्या ठिकाणाला मात्र थेट १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून, बीडहून नगरला पहिली गाडी सुटली. काकू स्टेशनावर गेल्या होत्या. गाडीपेक्षा कोणकोण नव्या साड्या नेसून आलं हेच जास्त सांगितलं.

“आमच्या आंबाजोगाईत बाजार होता,” मी मुद्दाम काडी लावली. “मोमिनाबाद म्हणायचे तेव्हा. हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ होतं, साहेब होते, त्यांच्यासाठी सदर बाजार होता. शिवाय स्वामी रामानंद तीर्थ आमच्या शाळेत शिकवायला होते, हैदराबादच्या लढ्यात उतरायच्या आधी.”

“असतील. पण जिल्हा बीडच हाय ना?”

या वाक्यावर बीडच्या माणसाशी पुढे बोलता येत नाही. आंबाजोगाई जिल्हा व्हावा म्हणून आमच्याकडे किती वर्षं मोर्चे निघतायत, ते काकूंना ठाऊक आहे आणि म्हणूनच त्या हे बोलतात.

तर रूळ नव्हते, तरी बाजार होता, आणि तो कशावर चालायचा हे विचारलं की काकू बोटांवर मोजून सांगतात. इथली छागल, म्हणजे पाण्याची चामडी पिशवी, आणि गुप्ती, म्हणजे काठीत लपवलेलं पातं, ही दोन्ही लांबपर्यंत नावाजलेली. इंग्रजांच्या गॅझेटियरातही त्यांची नोंद आहे. “एक तहानेसाठी, एक वाटमाऱ्यासाठी,” काकू म्हणतात, “रस्ते कसे असतील ते समजून घ्या.” कापूस, ज्वारी, करडी मोंढ्यात यायची. भाव तोंडाने बोलायचा नाही. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबायची, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून रुमालाकडे बघत राहायचा. निजाम सरकारने १९३० मध्ये बाजारांसाठी कायदा केला तो याच रुमालांमुळे आणि खोट्या मापांमुळे. रुमाल त्यानंतरही बरीच वर्षं पुरले.

सगळ्यात मजेची कमाई सराफांची. निजामाचं नाणं वेगळं, हाली सिक्का, त्यावर चारमिनार. इंग्रजांचा रुपया वेगळा, कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. पण ‘साधारण’ या शब्दावरच सराफाची माडी चढायची, कारण भाव रोज थोडा हलायचा आणि मोडीवर बट्टा कापला जायचा. बीड जिल्ह्याची हद्द नगर जिल्ह्याला लागून, म्हणजे आष्टी-पाटोद्याकडचा माणूस इकडून तिकडे गेला की राज्य बदलायचं, नाणं बदलायचं. वर करोडगिरीचा नाका. इंग्रजी मुलखातून आलेल्या मालावर शेकडा पाच जकात. कापडवाल्यांचा माल नगरहून यायचा.

“नाक्यावरून यायचा का रानातून, ते विचारू नका,” काकू म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत आहे?”

“मला कसं माहीत असणार? मी तेव्हा जन्मले पण नव्हते.” एवढं म्हणून त्यांनी तो माल कोणत्या ओढ्यातून, कुणाच्या गाडीत, कडब्याखाली कसा यायचा ते सविस्तर सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. घराण्यातली माणसं आहेत अजून.

आता खरी गोष्ट. एवढं जुनं दुकान अजून उभं कसं? शेजारची तीन पडली, तिथे काचेची शोरूमं आली, वर मोबाइलचे टॉवर आले. हे एकच कसं वाचलं? मी समजत होते, घराण्याला आस्था असेल. वाडवडिलांची खूण वगैरे.

काकू भिंतीवर हात आपटून हसल्या. “आस्था? दावा हाय म्हणून उभं हाय ते!”

वाटणी झाली तेव्हा खालचं दुकान थोरल्याला आणि वरचा मजला, मागच्या माळवदासकट, धाकट्याला गेला. मधला भाऊ हैदराबादेत राहिला, त्याला रोख. कागदावर हे सरळ दिसतं. पण थोरल्याची भिंत धाकट्याचं माळवद पेलते, आणि धाकट्याचं माळवद गळलं की थोरल्याच्या कापडावर पाणी पडतं. माळवदाला दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकावी लागते, चोपावी लागते, नाहीतर मृगात घरभर भांडी मांडायची वेळ येते. ती माती कुणी आणायची? थोरला म्हणे, छत तुझं, तू आण. धाकटा म्हणे, ओल तुझ्या भिंतीला, तू आण. मातीवरून सुरू झालेला दावा पुढे जिन्यावर गेला, जिन्यावरून संडासावर, संडासावरून पूर्ण मिळकतीवर. दोघंही भाऊ गेले. दावा राहिला, वारसांची नावं वाढत गेली.

त्यात भाडेकरू. समोरच्या अर्ध्या गाळ्यात एक शिंपी आहे, आजोबापासूनचा. भाडं महिना पंचेचाळीस रुपये. काकू सातवी शिकलेल्या, पण ‘हैदराबाद रेंट ॲक्ट, एकोणीसशे चोपन्न’ असं नवऱ्याचं नाव घ्यावं तशा लाजत-लाजत पण बिनचूक म्हणतात. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी घरभाड्याला मात्र हैदराबादचाच कायदा राहिला. तो जाऊन सगळ्या राज्याला एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तो ३१ मार्च २००० पासून. राज्य गेलं, सिक्का गेला, फसली गेली. निजामी मुलखाची एवढी एक गोष्ट शिंप्याच्या गाळ्यात मशीनच्या खडखडाटाखाली पुढच्या शतकाच्या उंबऱ्यापर्यंत आली.

“मालक त्याला काढू शकत नाही, आणि तो मालकाला दुरुस्ती मागू शकत नाही,” काकू म्हणाल्या. “मागितली की भाडं वाढवा म्हणतेत. म्हणून तो आपला वर ताडपत्री बांधून शिवायलाय.”

आणि तिजोरी. ही गोष्ट काकू नेहमी शेवटी ठेवतात आणि नेहमी मधेच सांगून टाकतात. ढाळजेत भिंतीत बसवलेली गोदरेजची तिजोरी आहे, माणसाच्या छातीएवढी. किल्ली हैदराबादेतल्या मधल्याकडे गेली ती गेलीच. आत काय आहे, यावर बाजारात एकमत नव्हतं: कुणी म्हणे आजीच्या पाटल्या, कुणी म्हणे हाली सिक्क्यांनी भरलेली पिशवी. नुसत्या त्या तिजोरीपायी दोन्ही घरांनी तडजोडीची बोलणी अनेकदा मोडली. जागा विकली तर तिजोरी कुणाची?

“गेल्या उन्हाळ्यात उघडली,” काकू हळूच म्हणाल्या.

मी हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी.

“कोर्टाचा माणूस, दोघांचे वकील, एक किल्लीवाला. अर्धा दिवस खटाटोप. सगळी गल्ली सज्ज्यात. आणि निघालं काय? चिठ्ठ्या! मोडीत लिहिलेल्या, काही उर्दूत. मोडी वाचणारा आणावा लागला. त्यानं वाचलं, तर शिंप्याच्या आजाकडून कापडवाल्यांच्या आज्यानं पैसे उसने घेतलेले, गाळ्यापोटी. फेडल्याची चिठ्ठी कुठं नाही. शिंपी तिथंच बसून काज करायला होता. त्यानं सुई थांबवली नाही म्हणं. नुसता म्हणला, आमचा आजा म्हणायचा तसं.”

म्हणजे ज्याला काढायला दोन पिढ्या कोर्टात गेल्या, त्याचंच घराणं कधीकाळी सावकार निघालं. त्या दिवशी दोन्ही घरांत चूल पेटली नाही म्हणतात. हे मी काकूंच्या शब्दावर सांगतेय, आणि काकूंच्या शब्दात सोळा आण्यांतले बारा धरावेत.

पण बारा आणे धरले तरी मला एक पटलं. आपल्याकडे जुनी इमारत वाचते ती कुणी वाचवली म्हणून नव्हे. विहिरीला सरकार आहे, देवळाला देव आहे. दुकानाला कुणी नाही. ज्या दुकानांचे सगळे वारस गुण्यागोविंदाने नांदले, त्यांनी एकमताने सह्या केल्या आणि पाडून मोकळे झाले. तिथे आता ॲल्युमिनियमच्या पाट्या आहेत. ज्यांचं पटलं नाही, त्यांच्या कमानी, फळ्या, बिडाचे कठडे अजून जागेवर आहेत. भाऊबंदकी हे या गावातलं सगळ्यात चिवट पुरातत्त्व खातं आहे, असं मी म्हटलं, तर काकू म्हणाल्या, “हे तुमच्या पोरांना शिकवू नका.” शिकवणार नाही. पण यंदा सहल कारंजाकडे न्यायची माझी फार इच्छा आहे. मुलांना दारावरचे आकडे टिपून आणायला सांगेन. शक, संवत, फसली, हिजरी, इसवी, सगळे पाच मिनिटांच्या चालीत सापडतात. बेरीज-वजाबाकी करून त्यांनीच ठरवावं कुठलं आधी. मुख्याध्यापक म्हणतात, बाजारात कसली सहल.

“मग आता पाडणार का नाही?” मी विचारलं.

“आता गाडी आली ना बीडला, भाव चढलेत. म्हणून तर पुण्याचा आला. तो थोरल्याच्या बाजूचा. सगळ्यांच्या सह्या घेतल्या त्यानं, धाकट्याच्या पोराला पण गाठलं. दोघं एका टेबलावर जेवले म्हणं हॉटेलात! तीस वर्षांत पहिल्यांदा.”

माझ्या पोटात खरंच गोळा आला. “मग संपलंच.”

“कशाचं संपतंय! आत्या हाय की. परळीला दिलेली. तिनं परवा अर्ज टाकला, मला पण हिस्सा पाहिजे म्हणून. पोरींना मिळतो ना आता?”

“मिळतो. २००५ पासून कायदाच आहे. पण आधीची वाटणी पक्की नोंदलेली असेल तर मग नाही मिळत.”

“हां, तिथंच तर अडकलंय! वाटणी तोंडी झाली होती का कागदावर, ह्यावर सगळं हाय. कागद होता म्हणतेत तो पुरात गेला. आता कोर्ट विचारायलंय, माळवदावर माती कोण टाकायचं? धाकटा एकटा टाकत असंल तर वाटणी झालीच होती. दोघं मिळून टाकत असतील तर एकत्र कुटुंब, मग आत्याचा हिस्सा पक्का.”

“आणि हे आता कोण सांगणार? इतक्या वर्षांनी?”

काकूंनी पदर सावरला. सज्ज्यात बसून तीस उन्हाळे समोरचं माळवद बघितलेली गल्लीत एकच बाई शिल्लक आहे, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

“समन्स आलंय मला,” त्या म्हणाल्या. “साक्षीला बोलावलंय. पंधरा तारखेला.”

“मग? कोण टाकायचं माती?”

त्या काही बोलल्या नाहीत. घरात गेल्या आणि दोन्ही हातांनी एक टोपली भिंतीवर ठेवली. डोळे उघडलेली, टपोरी सीताफळं.

“घ्या, मॅडम. थोरल्याकडून आलीत. लई गोड हायेत.”

“आणि आत्याकडून?”

“परळीहून पेढे आले. ते संपले.” त्यांनी एक सीताफळ स्वतःच फोडलं, बिया भिंतीपलीकडे माझ्याच तुळशीत टाकल्या. “धाकट्याकडचं अजून काही आलं नाही. पण पंधरा तारखेला वेळ हाय की अजून.”